वढती का?

पवना धरणाच्या काठाने ठाकुरसाईपासून तुंगपर्यंत कुठल्याही गावात उतरा, तिथे एक दादा सापडतोच. वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, पांढरा लिननचा शर्ट, गळ्यात लांबूनही दिसेल अशी साखळी आणि पायात चिखलाची सवय असलेली चप्पल. वाडवडिलांची भाताची खाचरे होती. त्यातली काही धरणात गेली, काही बंगलेवाल्यांना गेली आणि उरली त्यांवर आता तंबू लागतात. पुण्यातले लोक अशा माणसाला ‘गुंठामंत्री’ म्हणतात. दादाला हा शब्द माहीत आहे आणि त्याचा रागही येत नाही. ‘‘मंत्री तर मंत्री,’’ तो म्हणतो, ‘‘खातं कुठलं ते सांगा.’’

त्याचे खाते ओढण्याचे.

मावळात पाऊस लागला की शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या काठावर येतात. जाहिरातीत नदी-नाले पार करणारी गाडी इथल्या खाचराच्या बांधापाशी पहिल्याच वळणाला चाकापर्यंत रुतते. मालक आधी गुगलवर शोधतो, मग बायकोकडे बघतो आणि शेवटी गावात चालत येतो. दादाचा ट्रॅक्टर तयारच असतो. ‘‘स्टेअरिंग सरळ ठेवा, रेस देऊ नका, मॅडमला खाली उतरवा,’’ या तीन सूचनांत काम होते. दर गाडीच्या वजनावर ठरतो, आणि थोडासा मालकाच्या बोलण्याच्या सुरावर. ‘‘ओ हॅलो’’ म्हणून हाक मारणाऱ्याची गाडी जड भरते.

अशा माणसाने वाहनाकडे बघताना मायलेज विचारावे, एअरबॅग मोजाव्यात ही अपेक्षाच चूक. कुठलीही नवी गाडी दारात आली की तो बॉनेटवर हात ठेवून एकच प्रश्न विचारतो : ‘‘वढती का?’’ जावयाने घेतलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरलाही त्याने हाच प्रश्न विचारला होता.

याची पाळेमुळे गोठ्यात आहेत. दादा बैलगाड्याचा माणूस. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा बारीचे, म्हणजे शर्यतीचे बैल त्याने विकले नाहीत, नुसते उभे करून पोसले. डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हा त्याच्या गावात पेढे वाटले गेले. बैलाची खांद, छाती, खूर, चाल, कुठल्या जोडीत कोण आत आणि कोण बाहेर, यावर तो विद्यापीठात शिकवू शकेल. गाडी या वस्तूबद्दल मात्र त्याचा समज असा की तिच्यात ओढणारे जनावर आत बसवलेले असते, बाकी सगळी सजावट.

आणि अशा माणसाने बोट घेतली.

कारण अगदी साधे होते. पलीकडच्या गावातल्या दुसऱ्या एका दादाने आपल्या कॅम्पवर कयाक आणल्या. या दादाला वल्हे मारायची कल्पनाच कमीपणाची वाटली. मुंबईच्या एका पार्टीकडून त्याने जुनी पॉवरबोट उचलली. लांबी अठ्ठावीस फूट, मागे दोनदोनशे हॉर्सपॉवरची दोन इंजिने, आत गादी, फ्रीज आणि निळे दिवे. बोट पनवेलजवळच्या एका यार्डात तिच्याच ट्रेलरवर उभी होती. ट्रेलर फुकट मिळाला म्हणून दादा फार खूश होता. फुकट मिळालेल्या वस्तूला कागद नसतात, हे त्याला जमिनीच्या व्यवहारात पक्के ठाऊक असते. ट्रेलरच्या बाबतीत ते कसे विसरले, देव जाणे.

आता ही बोट घाट चढवून मावळात आणायला ‘ट्रक’ हवा. ट्रक म्हणजे आपला आयशर किंवा ४०७ नव्हे. दादाच्या पुतण्याने मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. टेक्सासमधला कोणी टोपीवाला आपल्या पिकअपला हौदाएवढी बोट जोडून हायवेवर चाललाय, एका हातात कॉफी. ‘‘काका, ही फोर्डची एफ-१५० तेरा हजार ओढते!’’ दादाचे डोळे चमकले. तेरा टन! पुतण्याने हे आकडे पौंडात असतात हे सांगितले नाही, कारण त्यालाही ते माहीत नव्हते. तेरा हजार पौंड म्हणजे जेमतेम ५,९०० किलो, आणि तेही त्या गाडीच्या सगळ्यात तगड्या आवृत्तीचे. शिवाय कंपनी ती गाडी आपल्याकडे विकत नाही, हा मुद्दा वेगळाच.

म्हणून मोर्चा इथे मिळणाऱ्या पिकअपकडे वळला. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ पासून आपल्या रस्त्यावर आहे, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली. हायलक्सचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन, २०४ हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क. शोरूममधल्या टायवाल्या मुलाने हे आकडे खणखणीत आवाजात सांगितले. दादाने बॉनेटवर हात ठेवला आणि आपला प्रश्न विचारला. मुलगा म्हणाला, ‘‘सर, काहीही ओढेल.’’

‘काहीही’ या शब्दाला मोटारीच्या धंद्यात वजन नसते. वजन असते आकड्याला, आणि हा आकडा आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत शोधूनही सापडत नाही. जिथे लोक खरोखर बोटी ओढतात तिथे तो ठळक छापलेला असतो. ऑस्ट्रेलियात फोर-बाय-फोर हायलक्सला ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, असे कंपनीच लिहून देते. पण त्या आकड्याला एक अट चिकटलेली आहे : ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. नसतील तर तीच गाडी, तेच इंजिन, तोच टॉर्क, आणि मर्यादा फक्त ७५० किलो. म्हणजे गाडी किती ओढते ते ठरवताना कंपनीने इंजिनाला एकदा विचारले आणि ब्रेकला दोनदा. दादाच्या फुकटच्या ट्रेलरला ब्रेक होते की नाही? होते. म्हणजे कधीकाळी होते. आता तिथे गंजलेला डबा आणि एक कापलेली नळी होती.

इथे तात्यांचा प्रवेश होतो. प्रत्येक दादामागे एक तात्या असतोच, त्याशिवाय दादा फार दिवस टिकत नाही. तात्यांनी उमेदीची सगळी वर्षे बोरघाटात ट्रक चालवला. एक्सप्रेस वे २००२ मध्ये पुरा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून. त्यांना गाडीच्या चढण्याचे कधी कौतुक वाटले नाही. शोरूमची पत्रके बघून ते म्हणाले, ‘‘वर चढंल रं. न चढली तर हितंच थांबंल, त्यात काय मरण नाय. उतरताना काय करशील?’’

‘‘तात्या, पर बोट तर वरच आणायचीय,’’ दादा म्हणाला. ‘‘उतरायचंय कशाला?’’

‘‘दुधिवऱ्याची खिंड काय विमानानं वलांडणार?’’

लोणावळ्याहून पवनेला यायचे तर दुधिवरे खिंड आडवी येते, आणि तिथून धरणाकडे सगळा उतारच. शनिवारी तिथे दोन मोटारी समोरासमोर आल्या तरी गावची यात्रा भरल्यासारखे होते. तात्यांनी मग दादाला कळेल अशा भाषेत सांगितले : ‘‘बारी सुटली की शर्यतीच्या घाटाच्या वरच्या अंगाला धा माणसं का उभी करतो तू? बैल वढत्यात म्हणून? का थांबत नाय म्हणून?’’

दादा गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याच्याशी बैलावरून वाद घातला होता आणि मुद्दा बरोबर होता.

खरे तर या डोंगराने हा धडा फार जुन्या काळापासून देऊन ठेवला आहे. १८६३मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली ती ३७ फुटांना एक फूट अशा चढाने. आजही कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिने लागतात, ती ढकलत ढकलत तिला लोणावळ्याला आणतात, आणि तेवढ्यात प्रवाशांचे वडे खाऊन होतात. चढण्याची सोय ही एवढीच. उतरणाऱ्या गाडीसाठी मात्र रेल्वेने घाटात कॅच सायडिंग बांधून ठेवल्या : ताबा सुटलेली गाडी बाजूच्या चढावर घालायची आणि तिथे तिला दमवायची. मोटाररस्त्यावर असली सोय सहसा नसते. तिथे अवजड गाड्यांचे ब्रेक तापून निकामी होतात, कारण कोणीतरी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडलेली असते. तात्यांच्या पिढीचा नियम साधा होता : ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेक हा थांबायला असतो, उतरायला नव्हे. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे, घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे. तिथे दादा जाताना नाणे टाकतो, येताना नाणे टाकतो. वजनकाट्यावर मात्र त्याने कधी रुपया घातला नव्हता.

आणि गाडी निवडायची ती काट्यापासूनच. बोटीच्या पत्रकावर वजन छापले होते २,२०० किलो. हे ‘ड्राय वेट’, म्हणजे बोट कोरडी, रिकामी आणि बहुधा कारखान्याच्या दारात उभी असतानाचे. पुतण्या कॉमर्सचा. त्याने बेरीज मांडली. दोन इंजिने प्रत्येकी सव्वादोनशे धरून साडेचारशे. टाकीत ४०० लिटर पेट्रोल. लिटरमागे पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे तीनशे. बॅटऱ्या, नांगर, दोर आणि दादाने आधीच घेऊन ठेवलेले स्पीकर मिळून शंभर. ट्रेलर स्वतः सातशे. झाले ३,७५०. बोट अजून यार्डातून हललीही नव्हती आणि साडेतीन टनांची मर्यादा ओलांडून गेली होती.

‘‘पेट्रोल हितं टाकू,’’ दादा म्हणाला. सौदा करणाऱ्या माणसाला वजनसुद्धा कमी करून मागता येते, यावर त्याची श्रद्धा आहे. आणि या एका ठिकाणी ती बरोबरही होती. टाकी रिकामी ठेवून ओढणे हाच शहाणपणा.

पण नुसते एकूण वजन पुरत नाही, ते कुठे बसते हेही बघावे लागते. ट्रेलरच्या वजनातला दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा, असा अमेरिकेतला सर्वसाधारण दंडक आहे. कमी आला तर ट्रेलर शेपटी हलवू लागतो, आणि वेग वाढला की शेपटीच गाडीला हलवते. बोटीचे सगळ्यात जड अंग म्हणजे इंजिने, आणि ती असतात नेमकी मागच्या टोकाला. भार जास्त आला तर पिकअपचे बूड बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात असूनही नसल्यासारखे होते. शिवाय हुकावरचे हे साडेतीनशे ते पाचशे किलो पिकअपच्या स्वतःच्या भारात मोजायचे असतात. दादाच्या बेतात मागे पाच मित्र, दोन कोंबड्या आणि चुलीचे सामान होते.

हे सगळे सोडवता आले असते. मागचा हूक बाहेरच्या वर्कशॉपमधून वेल्ड करून घेण्याचा बेत तात्यांनी मोडून काढला. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनाला येईल तो फेरफार करू देत नाही, आणि याच कलमाचा आधार घेऊन केंद्राने २०१७च्या डिसेंबरात बुलबारविरुद्ध राज्यांना पत्र धाडले होते. दादाच्या आधीच्या गाडीचा बुलबार तेव्हाच उतरला. ती जखम अजून ताजी आहे.

कायद्याचा खरा घाट मात्र पुढे होता. ट्रेलर हे कायद्याने वेगळे वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत त्याचा स्वतःचा एमएच १४. रस्त्याचे नियम फार वर्षांपासून सांगतात की ओढायची ती बंद पडलेली गाडी किंवा नोंदणी असलेला ट्रेलर. दादाचे नग या दोन्हींत बसत नव्हते. ‘‘मंग बंद पडलेली गाडी म्हणू,’’ त्याने सुचवले. बोट ही बंद पडलेली मोटार आहे हे हवालदाराला पटवताना दादाला बघणे करमणुकीचे झाले असते.

एक कलम मात्र त्याला मनापासून आवडले. कलम ६१ सांगते की ट्रेलरचा नंबर ओढणाऱ्या गाडीच्या बाजूवर हवा आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या पाठीवर हवा. दादाच्या सगळ्या गाड्यांचा नंबर ८०५५, कारण इंग्रजीत तो ‘बॉस’ असा वाचता येतो. सरकार स्वखुशीने आपल्याला दोन ठिकाणी बॉस लिहायला सांगते आहे, हे ऐकून त्याचे कायद्याविषयीचे मत त्या दिवसापुरते सुधारले.

मग तात्यांनी खिशातून टेप काढला.

बोटीची लांबी सगळे विचारतात, हॉर्सपॉवर सगळे विचारतात. रुंदी कोणी विचारत नाही. रस्त्याला मात्र तेवढीच कळते. आपल्या नियमांत वाहनाची रुंदी २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. अमेरिकेतही मोठ्या रस्त्यांवर मर्यादा साडेआठ फुटांचीच, म्हणूनच तिकडे ट्रेलरवर फिरवायच्या बोटी त्या मापातच बांधतात. दादाची बोट साडेनऊ फूट भरली. आता जगातला कुठलाही पिकअप आणला, तेरा हजारवाला असो की तेवीस, काही उपयोग नव्हता. साडेनऊ फुटी ऐवज म्हणजे ओडीसी, मापाबाहेरचा माल. त्याला परवानगी लागते, लाल झेंडे लागतात, दिवे लागतात. कॉफीचा कप धरायला हात मोकळा राहत नाही.

दादा तरीही पिकअपवर अडून होता. पत्रकाचे वजन खोटे असेल, बेरीज पुतण्याची आहे, काट्यावर बोट हलकी भरेल, असे त्याचे म्हणणे. मान्य. मग न्या काट्यावर. पण काट्यावर न्यायला गाडी पाहिजे, आणि गाडी ठरवायला काटा पाहिजे! यावर दोन दिवस चहा झाला. अखेर तात्यांनी ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे लो-बेड होता, एरवी जेसीबी आणि पोकलेन वाहणारा. परवानगीचे कागद करणे त्याच्या रोजच्या सवयीचे. हायड्रा क्रेन आली, पट्टे पोटाखालून गेले, बोट ट्रेलरसकट लो-बेडवर बसली. जवळच्या काट्यावर भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले. टाकी कोरडी असूनही चार हजार साठ! जुन्या फायबरच्या बोटीतला फोम पाणी पितो आणि ते परत देत नाही. शिवाय पार्टी आपला जुना जनरेटर आतच विसरली होती, तो दादाने फायद्यात धरला.

‘‘आता ती गाडीवर बसलीच हाय,’’ तात्या म्हणाले, ‘‘तर घराकडंच घ्या की.’’

असा तो प्रश्न सुटला. लो-बेडवर बोट हा माल, मग ट्रेलरचा पासिंगचा वाद नाही, हुकाचा नाही, शेपटीचा नाही. थांबवायला एअर ब्रेक, आणि चालवायला असा माणूस की जो घाटात गाणी लावत नाही. वास्तविक मोठी बोट वर्षातून एकदोनदाच हलवायची असेल तर पिकअप घेण्यापेक्षा हेच स्वस्त पडते, हे पुतण्याच्या पुढच्या बेरजेत निघाले. बेरीज आली तेव्हा पिकअपचे बुकिंग होऊन गेले होते. दादाने ते रद्द केले नाही. पावसाळ्यात रुतलेल्या गाड्या काढायला तो आता ट्रॅक्टरऐवजी पिकअप नेतो. ती स्वतः रुतली की ट्रॅक्टर मागवतो.

दुधिवऱ्याच्या वाटेला न जाता बोट कामशेतकडून आली. पवनानगरच्या चौकात पोरांनी हलगी वाजवली. सगळे छान झाले आणि मग कोणीतरी विचारले की पाण्यात कधी सोडायची.

पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवड पिते. जलाशय जलसंपदा विभागाचा, तिथे यांत्रिक बोट फिरवायची तर परवानगी हवी, आणि २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे बोटीची नोंदणी, तपासणी, विमा हे वेगळेच. दादा अर्ज देऊन आला आहे. त्याला वाटते दिवाळीत होईल. कुठल्या दिवाळीत, ते त्याने सांगितलेले नाही. परवानगी आली तरी उतरवायचे कुठे, हा तात्यांचा प्रश्न आहेच. उन्हाळ्यात पाणी आत सरकते आणि काठाला नुसता गाळ राहतो. लांबून आलेला ट्रेलर लगेच पाण्यात घातला तर तापलेल्या चाकांचे बेअरिंग पाणी ओढून घेतात आणि परतीच्या वाटेत जाम होतात. तात्यांच्या मते आधी चाके गार होऊ द्यावीत, मग माणसे.

दादा मोकळा बसणाऱ्यातला नाही. बोट तंबूंच्या मधोमध, पाण्याकडे तोंड करून उभी आहे. निळे दिवे चालू आहेत, फ्रीज चालू आहे. शनिवारी तिच्यावर फोटो काढायला रांग लागते. प्री-वेडिंगवाल्यांसाठी वेगळा दर आहे आणि नवऱ्या मुलाने कॅप्टनची टोपी घातली तर आणखी वेगळा. पुतण्याने रस्त्यावर फलक लावला : ‘येथे बोटिंग उपलब्ध’. तात्यांनी वाचून नुसते बघितले, तेव्हा त्याने खाली बारीक अक्षरात एक ओळ वाढवली : ‘(जमिनीवर)’.